डाग आणि भरतकाम

मागच्या अंकात, पेशीच्या आवरणाबद्दल लिहिताना, मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं: 'आपल्या बऱ्याचशा प्रथिनांना साखर चिकटलेली असते आणि ती असते म्हणूनच आपण धडधाकट असतो.' वाक्य लिहून मी मोकळी झाले आणि तुम्ही मला धरलंत. पत्रांचा गठ्ठा आला. त्यात शंका होत्या, एक-दोन ठिकाणी चांगलीच झाडाझडती होती, आणि एका गृहस्थांनी तर 'साखरेबद्दल जबाबदार माणसाने असं लिहू नये' असंही सुनावलं. म्हणून या वेळचं सगळं सदर त्या एका वाक्याला. माझी चूक एवढीच, की 'चिकटलेली' हा शब्द मी ढिलाईने वापरला. सुरुवात तिथूनच करू.

प्रश्न: माझ्या वडिलांच्या रक्ताच्या रिपोर्टवर 'ग्लायकोसिलेटेड हिमोग्लोबिन ७.८ टक्के' असं छापलंय. डॉक्टर म्हणाले, प्रथिनाला साखर चिकटली आहे, हे चांगलं नाही. तुम्ही लिहिता, साखर असते म्हणून आपण धडधाकट असतो. बाई, नेमकं कुणाचं ऐकायचं?

डॉक्टरांचं ऐका. वडिलांच्या बाबतीत ते बरोबर आहेत. मीही खोटं लिहिलेलं नाही. आम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतोय. घोळ घातलाय तो रिपोर्टवरच्या त्या एका शब्दाने.

कापडावर शाई सांडली की डाग पडतो. त्याच कापडावर कुणी सुई-दोरा घेऊन वेल भरली, तर तीही वरूनच आलेली. पण डाग पडायला कारागीर लागत नाही, कापड आणि शाई जवळ आली की पुरे. भरतकामाला हात लागतो, नजर लागते, कुठे टाका घालायचा हे ठरलेलं असावं लागतं.

वडिलांच्या रिपोर्टवर आहे तो डाग. रक्तातलं ग्लुकोज लाल पेशीत शिरतं आणि हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या अगदी टोकाला जे व्हॅलिन नावाचं अमिनो आम्ल असतं त्याला जाऊन अडकतं. आधी ही गाठ सैल असते, सुटूही शकते. मग अणूंची थोडी हलवाहलव होते आणि ती पक्की बसते. यात कुठलंही एन्झाइम, म्हणजे पेशीतली रासायनिक कामं घडवून आणणारं प्रथिन, लागत नाही. रक्तात ग्लुकोज जितकं जास्त आणि जितके दिवस जास्त, तितके डाग जास्त. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून या आकड्यात मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब दिसतो, त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा मोठा. ५.७ टक्क्यांच्या खाली ठीक, ६.५ किंवा वर असेल तर मधुमेह. वडिलांना रक्तक्षयाचा त्रास असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. लाल पेशी लवकर मरत असतील तर त्यांना डाग पडायला वेळच मिळत नाही आणि आकडा फसवा कमी येतो. लोहाच्या कमतरतेत उलट तो वर सरकू शकतो.

या डागाचं शास्त्रीय नाव ग्लायकेशन. एन्झाइमांनी बसून, जागा हेरून केलेल्या भरतकामाचं नाव ग्लायकोसिलेशन, आणि त्यातून जे प्रथिन तयार होतं ते ग्लायकोप्रोटीन. नावं इतकी सारखी, की जुन्या काळी हिमोग्लोबिनलाही 'ग्लायकोसिलेटेड' म्हणायची पद्धत पडली. पुढे शब्द सुधारला, 'ग्लायकेटेड' झाला, पण छापील नमुने अजून तेच चालू आहेत. माझ्या स्वतःच्या रिपोर्टवर मी दर वेळी तो शब्द पेनने दुरुस्त करते. घरातले हसतात. हसू देत.

यापुढचं सगळं भरतकामाबद्दल.

प्रश्न: मी बारावीत आहे. डीएनएमध्ये प्रथिनांची माहिती लिहिलेली असते असं आम्हाला शिकवलंय. मग प्रथिनांवरच्या साखरेची माहिती कुठे लिहिलेली असते?

तुझं पत्र तीन ओळींचं आणि गठ्ठ्यातलं सगळ्यात अवघड. उत्तर मोठं होणार, सावकाश वाच.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी रक्तद्रवातल्या ओरोसोम्युकॉइड नावाच्या प्रथिनावर काम करत होते. प्रथिन शुद्ध झालं की ते जेलमध्ये चालवतात. जेलच्या एका टोकाला खाचेत नमुना भरायचा, वीज लावायची. लहान रेणू जेलमधून भराभर खाली जातात, मोठे मागे राहतात. मग निळ्या रंगात बुडवलं की प्रत्येक प्रथिनाची एक रेघ दिसते, पेन्सिलीने ओढल्यासारखी. शेजारच्या रकान्यांत मापाची प्रथिनं होती, त्यांच्या रेघा तशाच आल्या, स्वच्छ. माझ्या रकान्यात मात्र ४० हजार डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूंचं वजन मोजायचं माप) आसपास एक फिकट, पसरट ढग. रंगही धड धरला नव्हता. मी नमुना जास्त भरला असणार, असं माझ्या मार्गदर्शकांनी जाहीर केलं. मी कमी भरला. ढग लहान झाला, रेघ झाली नाही. तिसऱ्यांदाही तेच. तेव्हा ते स्वतः खुर्ची ओढून बसले आणि एका बारक्या नळीतलं एन्झाइम मला देऊन म्हणाले, 'रात्रभर ३७ अंशांवर ठेव, उद्या बघू.' ते एन्झाइम साखरेच्या साखळ्या प्रथिनावरून मुळापासून उसवतं. दुसऱ्या दिवशी जेल रंगवलं, धुतलं, आणि माझ्या रकान्यात एक गडद निळी रेघ होती. ढग होता त्याच्या खूप खाली, २० हजारांच्या थोडी वर. प्रथिन एवढंसंच होतं. बाकीचं वजन साखरेचं.

आता तुझा प्रश्न. रेघ स्वच्छ का आली? कारण प्रथिनाची कृती डीएनएत अक्षर न अक्षर लिहिलेली असते आणि प्रत्येक प्रत तंतोतंत निघते. ढग का आला? कारण साखरेच्या साखळीची अशी कृती कुठेच लिहिलेली नसते. डीएनएत लिहिलेले असतात ते कारागीर. साखर जोडणारी सुमारे २०० एन्झाइमं आपल्या जनुकांत आहेत आणि प्रत्येकाला एकच टाका येतो: अमक्या साखरेला तमकी साखर, अमक्या कोनात जोडायची. समोरून प्रथिन जाताना कोणता कारागीर हजर आहे, त्याच्याकडे दोरा आहे का, प्रथिन किती वेळ थांबलं, यावर नक्षी ठरते. छापा नसलेलं भरतकाम ते. म्हणून एकाच प्रथिनाच्या दोन प्रतींवर नक्षी थोडी वेगळी, कुठे एक फांदी जास्त, कुठे टोकाची एक साखर कमी. माझा ढग म्हणजे अशा हजारो किंचित वेगळ्या प्रतींची गर्दी. चूक माझी नव्हतीच.

पण अगदीच मनमानी चालते असंही समजू नकोस. पहिला टाका फार शिस्तीचा असतो. प्रथिन तयार होत होतच एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये, म्हणजे पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यात, शिरतं. तिथे डॉलिकॉल नावाच्या लांब तेलकट रेणूवर १४ साखरांचा एक तयार गुच्छ वाट पाहत असतो: दोन एन-अॅसिटिलग्लुकोजअमाइन, नऊ मॅनोज, तीन ग्लुकोज. प्रथिनात अॅस्परजिन, मग प्रोलिन सोडून कुठलंही अमिनो आम्ल, मग सेरीन किंवा थ्रिओनिन असा क्रम दिसला की एन्झाइम तो अख्खा गुच्छ उचलून अॅस्परजिनला लावतं. एकेक साखर जोडत बसत नाही. एवढी जागा मात्र डीएनएत ठरलेली असते, कारण अमिनो आम्लांचा क्रम तिथूनच येतो. याशिवाय दुसरा एक प्रकार असतो, त्यात साखर थेट सेरीन किंवा थ्रिओनिनला लागते. तिथे असा तयार गुच्छ नसतो, एकामागून एक टाका घालत जातात. त्याचा मासला शेवटच्या प्रश्नात येईल.

आणि मग लगेच काटछाट सुरू! १४ लावायच्या आणि लगेच कापायच्या, हा काय उद्योग, असं मलाही विद्यार्थी असताना वाटायचं. पण बघ काय होतं. तीनपैकी दोन ग्लुकोज कापली जातात, एक उरतं. ते एक ग्लुकोज म्हणजे 'अजून काम चालू आहे' असा इशारा. कॅल्नेक्सिन नावाचं प्रथिन त्या ग्लुकोजला धरून नव्या प्रथिनाला नीट घडी घालायला वेळ देतं. मग तेही ग्लुकोज कापलं जातं. आता एक तपासनीस एन्झाइम येतं. घडी बरोबर असेल तर प्रथिन पुढे गॉल्जीकडे, म्हणजे पेशीतल्या पुढच्या कारखान्याकडे. घडी चुकली असेल तर हे एन्झाइम पुन्हा एक ग्लुकोज लावून त्याला परत पाठवतं. असं कितीदाही. वारंवार नापास होणाऱ्याला शेवटी मोडीत काढतात. माझ्या मते पेशीतली ही सगळ्यात देखणी यंत्रणा, आणि पाठ्यपुस्तकात तिला दोन ओळी मिळतात.

गॉल्जीत उरलेली नक्षी भरली जाते, आणि काहींवर पत्ता लिहिला जातो. पेशीतली नको असलेली द्रव्यं पचवणारी एन्झाइमं लायसोसोम नावाच्या पिशवीत पोचायला हवीत. त्यांच्या मॅनोजवर एक फॉस्फेट बसवलं जातं. 'मॅनोज ६ फॉस्फेट' हीच ती लायसोसोमची खूण, हे विल्यम स्लाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये दाखवलं. हे फॉस्फेट बसवणारं एन्झाइम ज्या बाळात जन्मतःच नसतं, त्याला आय-सेल नावाचा गंभीर आजार होतो. त्याच्या पेशी ही पचनाची एन्झाइमं व्यवस्थित बनवतात, एकही प्रथिन बिघडलेलं नसतं. फक्त पत्ता नसल्यामुळे सगळा माल पेशीबाहेर पडतो. रक्तात ती एन्झाइमं भरपूर सापडतात आणि पेशीच्या आत कचरा साचत राहतो. तुझ्या प्रश्नाचं महत्त्व कळलं ना? प्रथिन बरोबर असून भागत नाही.

प्रश्न: मी नियमित रक्तदान करतो. ए, बी आणि ओ रक्तगटांत फरक साखरेचा असतो असं ऐकलं. एवढ्याशा साखरेवरून माणूस दगावू शकतो, हे पटत नाही.

पटत नाही, पण खरं आहे. लाल पेशीच्या अंगावरच्या प्रथिनांवर आणि स्निग्ध रेणूंवर साखरेच्या फांद्या असतात. फांदीच्या टोकाला फ्यूकोज नावाची साखर लागली की झाली 'एच' नावाची नक्षी. ओ गटाचे लोक इथेच थांबतात. ए गटाचं एन्झाइम त्यावर एन-अॅसिटिलगॅलॅक्टोजअमाइन जोडतं, बी गटाचं एन्झाइम साधं गॅलॅक्टोज जोडतं. या दोन साखरांत फरक एका लहानशा अणूंच्या झुपक्याचा. ए आणि बीची एन्झाइमं तर जवळपास जुळी आहेत; ३५४ अमिनो आम्लांपैकी फक्त चार वेगळी. आणि ओ? बहुतेक ओ गटाच्या लोकांत त्याच जनुकातलं एक अक्षर गळालेलं असतं. एक अक्षर गळालं की पुढचं सगळं वाचन चुकतं, कारागीर तयारच होत नाही.

आपल्या अंगावर जी नक्षी नाही तिच्याविरुद्धची प्रतिपिंडं आपल्या रक्तात लहानपणापासूनच तयार असतात. ए गटाच्या माणसाला बीचं रक्त दिलं की ती त्या साखरेला जाऊन भिडतात आणि लाल पेशी फुटू लागतात. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये हे गट मांडले. त्यांना नोबेल मिळालं १९३० मध्ये.

'एच'वर आणखी एक गोष्ट, कारण तुम्ही रक्तदाते आहात. काही मोजक्या लोकांत फ्यूकोज जोडणारा कारागीरच नसतो, म्हणजे 'एच'ही नाही. नेहमीच्या चाचणीत असा माणूस ओ दिसतो. पण त्याच्या रक्तात 'एच'विरुद्ध प्रतिपिंडं असतात, त्यामुळे ओ गटाचं रक्तही त्याला चालत नाही. त्याच्यासारख्याच माणसाचं लागतं. हा 'बॉम्बे' गट. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये तो मुंबईतून जगापुढे मांडला. तुमचा गट ओ असेल तर रक्तपेढीत कधीतरी विचारून घ्या, एचची चाचणी झाली आहे का.

टोकाची साखर कापून टाकली तर? बी गटाच्या पेशींवरचं गॅलॅक्टोज कॉफीच्या हिरव्या बियांतल्या एका एन्झाइमने उसवून त्या ओ करून दाखवल्या आहेत, आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वयंसेवकांना त्या देऊनही पाहिल्या. रोजच्या वापरात ते अजून आलेलं नाही. पण साखर उसवल्यावर जीव घेणारं रक्त चालणारं होतं, यापेक्षा वेगळा पुरावा तुम्हाला काय देऊ?

प्रश्न: प्रथिनं आणि कर्बोदकं एकाच वेळी खाल्ली तर पोटात ग्लायकोप्रोटीन तयार होतात का?

नाही. पोटात आणि आतड्यात दोन्हींचे तुकडे होतात, प्रथिनांची अमिनो आम्लं आणि कर्बोदकांच्या सुट्या साखरा. भरतकाम पेशीच्या आत होतं. ताटात काय शेजारी होतं याची तिथे कुणाला खबर नसते.

प्रश्न: माझ्या ओळखीच्या एकांनी 'आठ अत्यावश्यक साखरा' असलेली भुकटी घ्यायला सांगितली आहे. पेशींचा एकमेकींशी संवाद सुधारतो म्हणे. घेऊ का?

घेऊ नका. ही भुकटी माझ्या दारातही येऊन गेली आहे. विकणाऱ्या गृहस्थांच्या हातात पेशीचं रंगीत चित्र होतं, आणि चित्र बरोबर होतं, हीच तर पंचाईत. ग्लुकोज, गॅलॅक्टोज, मॅनोज, फ्यूकोज, झायलोज, दोन अमाइनवाल्या साखरा आणि सायलिक आम्ल, या आठही साखरा आपल्या प्रथिनांवर असतात हे खरं. 'अत्यावश्यक' हा शब्द खोटा. आहारशास्त्रात अत्यावश्यक म्हणजे जे शरीराला स्वतःला बनवता येत नाही ते. निरोगी शरीर या सगळ्या साखरा ग्लुकोजपासून स्वतः बनवतं. मी त्यांना विचारलं, फ्यूकोज कशापासून बनतं ठाऊक आहे का? मॅनोजपासून, आणि ते ग्लुकोजपासून. ते म्हणाले, मॅडम, तुम्ही फार नकारात्मक बोलता.

एक अपवाद आहे आणि तो सांगायलाच हवा, नाहीतर कुणीतरी तोच घेऊन माझ्याशी भांडेल. भरतकामाचे काही जन्मजात आजार आहेत. त्यातला पहिला बेल्जियमच्या याक याकेन यांनी १९८० मध्ये जुळ्या बहिणींत नोंदवला. आज असे शंभरहून जास्त प्रकार माहीत आहेत. त्यातल्या एका दुर्मीळ प्रकारात मॅनोज बनवणारं एक एन्झाइम अपुरं असतं आणि तोंडावाटे मॅनोज दिलं की मुलं खरोखर सुधारतात. पण ते निदान करून, मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेलं औषध आहे.

प्रश्न: सायकलस्वार आणि धावपटू ईपीओ घेताना पकडले जातात. पण ईपीओ तर शरीरातच बनतं ना? मग बाहेरून घेतलेलं ओळखतात कसं?

भरतकामावरून! हा प्रश्न माझ्या आवडीचा, म्हणून थोडं मागून सांगते.

ईपीओ म्हणजे एरिथ्रोपोएटिन. मूत्रपिंड ते तयार करतं आणि अस्थिमज्जेला लाल पेशी वाढवायचा निरोप देतं. १६५ अमिनो आम्लं, साखरेच्या चार साखळ्या, आणि वजनात जवळजवळ ४० टक्के साखर. या साखळ्यांच्या टोकाला सायलिक आम्ल असतं. ते काढून टाकलेलं ईपीओ प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या पेशींवर उत्तम काम करतं, उलट थोडं जास्तच. प्राण्याला टोचलं तर मात्र काही मिनिटांत रक्तातून गायब आणि परिणाम शून्य.

असं का, याचं उत्तर गिल्बर्ट अॅशवेल आणि अॅनाटॉल मोरेल यांच्या हाती १९६०च्या दशकाच्या शेवटी लागलं होतं. ते अभ्यासत होते रक्तातलं तांबं वाहणारं सेरुलोप्लाझ्मिन. त्याच्यावरचं सायलिक आम्ल काढून ते सशांना टोचलं. एरवी कित्येक तास रक्तात फिरणारं प्रथिन मिनिटांत यकृतात जाऊन बसलं. सायलिक आम्ल गेलं की खालचं गॅलॅक्टोज उघडं पडतं, आणि यकृताच्या पेशींवर उघडं गॅलॅक्टोज पकडणारा एक ग्राही असतो. प्रथिन जुनं झालं, टोकं झिजली, उचला. पुढे औषध बनवणाऱ्यांनी हेच उलटं वापरलं: ईपीओवर आणखी दोन साखळ्या बसतील असे बदल केले, आणि ते रक्तात साधारण तिप्पट टिकू लागलं. रुग्णाच्या सुया कमी झाल्या.

आता खेळाडूंकडे. औषधाचं ईपीओ मुख्यतः हॅम्स्टरच्या अंडाशयापासून वाढवलेल्या पेशींत बनवतात. जनुक माणसाचं घातलं तरी कारागीर हॅम्स्टरचे. अमिनो आम्लं तीच, नक्षी किंचित वेगळी, त्यामुळे रेणूंवरचा विद्युतभारही वेगळा. लघवीतलं ईपीओ भारानुसार जेलवर पसरवलं की शरीराच्या ईपीओच्या रेघा एका बाजूला आणि औषधाच्या दुसऱ्या बाजूला सरकलेल्या दिसतात. ही चाचणी २०००च्या सिडनी ऑलिम्पिकपासून वापरात आली. प्रथिन खरं, शिवण परक्या शिंप्याची. माझ्या त्या ढगाला मी विनाकारण शिव्या घातल्या होत्या. ढगातच ओळख असते.

प्रश्न: मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रक्ताच्या चाचणीत सीए १९-९ वाढलेलं म्हणजे कर्करोग, असं समजून लोक रिपोर्ट हातात घेऊन रडतात. आणि एकदा कर्करोग असूनही ते जवळजवळ शून्य आलं होतं. असं कसं?

शून्याचं आधी सांगते, कारण ते फार लोकांना माहीत नसतं. सीए १९-९ ही एक साखरेची नक्षी आहे, सायलिल लुईस ए नावाची. ती भरायला 'लुईस' रक्तगटाचा कारागीर लागतो. साधारण ५ ते १० टक्के लोकांत तो जन्मतःच नसतो. अशा माणसाला स्वादुपिंडाचा कर्करोग झाला तरी ही नक्षी तयार होऊच शकत नाही. चाचणी कितीही वेळा करा. तुमच्या त्या रुग्णाचं असंच असणं अगदी शक्य आहे.

उलट पित्तनलिका तुंबली, कावीळ झाली, तरी हा आकडा चांगलाच वर जातो आणि अडथळा निघाला की उतरतो. निदानापेक्षा उपचार चालू असताना चढ-उतार बघायला ही चाचणी जास्त कामाची. रडणाऱ्यांना एवढं जरी म्हणालात की 'एकट्या आकड्यावरून काही ठरत नाही, डॉक्टरांना दाखवा', तरी ते खरंच बोलणं होईल.

प्रश्न: माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने विचारलंय, थुंकी तार का धरते आणि शेंबूड कशाला हवा? मला उत्तर देता आलं नाही.

त्यालाच सांगते, तुम्ही वाचून दाखवा.

बाळा, आरशासमोर उभा राहा. अंगठा आणि तर्जनी थुंकीत भिजव, चिमटीत दाब आणि हळूहळू लांब कर. पाण्याने असं केलंस तर काहीच होत नाही. थुंकीची मात्र बारीक चमकती तार निघते. थुंकी जवळजवळ सगळी पाणीच असते. तार धरतं ते त्यात थोडंसं असलेलं म्युसिन नावाचं प्रथिन. बाटली घासायचा ब्रश पाहिलास ना, मधे तार आणि चहूबाजूंनी केस? म्युसिन तसंच. मधे प्रथिनाची लांब तार, आणि तिच्यावर दाटीवाटीने साखरेचे केस. वजन केलं तर निम्म्याहून जास्त साखरच भरेल. पण ती गोड लागत नाही, कारण तिचे रेणू प्रथिनाला बांधलेले असतात. हे केस पाणी धरून ठेवतात, म्हणून सगळं बुळबुळीत राहतं. तुझ्या घशाला ओरखडे पडत नाहीत आणि पोटातलं आम्ल पोटाच्या भिंतीला खात नाही ते याच बुळबुळीतपणामुळे.

शेंबडाचं काम आणखी हुशारीचं. फ्लूचा विषाणू आपल्या पेशीत शिरताना पेशीवरच्या साखरेच्या टोकाला, सायलिक आम्लाला, धरतो. आता शेंबडातल्या म्युसिनवरही तेच सायलिक आम्ल असतं. विषाणू फसतो आणि तिथेच अडकतो. मग तू शिंकरतोस. विषाणूही काही कमी नाही. त्याच्याकडे सायलिक आम्ल कापणारी कात्रीही असते, आणि नाकातून सुटायला व तयार झालेले नवे विषाणू पेशीपासून मोकळे करायला तो ती वापरतो. बातम्यांत 'एच१ एन१' ऐकलं असशील. त्यातला एच म्हणजे धरणारा हात आणि एन म्हणजे कात्री. फ्लूच्या काही गोळ्या ही कात्रीच जाम करतात.

आणि सायलिक हे नाव कुठून आलं माहीत आहे? ग्रीक भाषेत थुंकीला जो शब्द आहे त्यावरून. गुन्नार ब्लिक्स नावाच्या स्वीडनमधल्या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये ते गाईबैलांच्या लाळग्रंथींतल्या म्युसिनमधून वेगळं काढलं. वर ईपीओच्या प्रश्नात साखळ्यांच्या टोकाला होतं तेच हे आम्ल.

आता एक काम कर. सकाळी उठल्या उठल्या तार किती लांब निघते ते पट्टीवर मोज. मग जेवताना, चावत असताना, पुन्हा मोज. चावायला लागलं की कानाजवळच्या मोठ्या लाळग्रंथी जोरात सुरू होतात आणि त्यांची लाळ पातळ असते, तिच्यात म्युसिन नसल्यातच जमा. तार लवकर तुटायला हवी. सात दिवसांचे आकडे कागदावर लिहून पाठव, पट्टीवर मिलिमीटर बघून.